काम आपलं, शिक्का त्यांचा

विमानतळावर हल्ली आपलं आपण करायचं असतं. घरून निघण्याआधी मोबाइलवर चेक-इन आपण करायचं, खिडकीची जागा की कडेची हे आपण ठरवायचं आणि त्या ठरवण्याचे पैसेही आपणच भरायचे. तिथे पोचल्यावर यंत्रापुढे उभं राहून बॅगेची पट्टी छापायची, ती कडीला चिकटवायची, बॅग उचलून सरकत्या पट्ट्यावर ठेवायची, वजन बघायचं, पावती घ्यायची आणि मग कॅमेऱ्याकडे तोंड करून काचेचं फाटक उघडण्याची वाट बघायची. पूर्वी ही कामं करायला पगारी माणसं असत. आता तीच कामं प्रवासी करतो, आणि तिकिटाचे पैसे भरून करतो. कामाबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. हात आहेत, पाय आहेत, बॅगही आपलीच आहे. तक्रार आहे ती अर्धवट हस्तांतराची. कारकुनाचं काम आपल्याकडे आलं, कारकुनाचा अधिकार आला नाही. आणि तो मागेही कोणाकडे उरलेला दिसत नाही.

काउंटरपलीकडचा माणूस तीन गोष्टी करायचा. पास छापायचा, पट्टी लावायची आणि अधूनमधून स्वतःच्या डोक्याने काहीतरी ठरवायचं. पहिल्या दोन आपण उचलल्या. तिसरीचं उदाहरण घ्या. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्या १५ किलो सामान नेऊ देतात. बॅग भरली १५ किलो ४०० ग्रॅम. काउंटरवरचा माणूस काट्याकडे बघायचा, मग तुमच्याकडे, मग तुमच्या मागच्या रांगेकडे, आणि म्हणायचा, "असू द्या, पण पुढच्या वेळी बघा हं." कधी म्हणायचा नाही, पैसे भरायला लावायचा, पण दोन्ही त्याच्या हातात होतं. यंत्राच्या हातात काही नसतं. पडदा लाल होतो, पट्टा थांबतो, आणि भला गृहस्थ जमिनीवर उकिडवा बसून मुलीसाठी नेत असलेला चिवडा जाकिटाच्या खिशांत भरायला लागतो. चिवड्यासकट तो विमानात चढतोच, म्हणजे विमानाला उचलायचं वजन तेवढंच राहतं. ही कारकुनी आपल्याला करायला मिळाली खरी, पण स्वतःच स्वतःला "असू द्या" म्हणण्याची सोय तिच्यात नाही.

पट्टी चिकटवणं तर फारच कमी लेखलं गेलेलं कौशल्य आहे. यंत्रातून हातभर लांब चिठ्ठी येते. तिच्या पाठीवरचा गुळगुळीत कागद नेमका खुणेपर्यंतच सोलायचा असतो. जास्त सोलला की चिठ्ठी आधी बोटाला, मग बाहीला आणि शेवटी स्वतःच्याच पोटाला चिकटते. ती कडीतून ओवून दोन टोकं अशी जुळवायची, की बारकोडवर सुरकुती पडणार नाही. शिवाय चिठ्ठीच्या टोकाला बारकोडची दोन-तीन छोटी पिल्लं असतात. त्यांतलं कुठलं बॅगेच्या अंगावर डकवायचं आणि कुठलं आपल्याजवळ ठेवायचं हे पडद्यावरच्या चित्रात दाखवलेलं असतं. पण चित्रातल्या बाईला वेळ भरपूर असतो आणि तिच्या कडेवर मूल नसतं. त्यामुळे अशा दर दोन-तीन यंत्रांमागे गणवेशातली एक मुलगी उभी केलेली असते. "सर, इथे प्रेस करा. नाही सर, ते नाही, हिरवं." म्हणजे माणूस काही कमी झालेला नाही, त्याची खुर्ची तेवढी गेली. पूर्वी तो बसून स्वतः काम करायचा, आता उभा राहून दुसऱ्याकडून करून घेतो. दोघांचेही पाय दुखतात.

खरी गंमत मात्र नावांची आहे. बोर्डिंग पासवरच्या बारकोडात काय आणि किती लिहायचं, याचं प्रमाण आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने घालून दिलंय. त्यात प्रवाशाच्या नावाला जागा आहे २० अक्षरांची. आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग नाव. इंग्रजी स्पेलिंगने देशपांडे होतात ९ अक्षरांचे, रेघेचं १ आणि पुरुषोत्तमाची ११. बेरीज २१. म्हणजे महाराष्ट्राचं लाडकं व्यक्तिमत्त्व आज विमानाने निघालं असतं, तर बारकोडात 'पुरुषोत्ता' एवढंच शिरलं असतं. शेवटचा म आणि वडील लक्ष्मणराव हे दोघेही बाहेरच राहिले असते. कुलकर्णी असते तर जेमतेम मावले असते. हे प्रमाण ज्यांनी ठरवलं त्यांच्यात बहुधा जॉन आणि स्मिथ यांचा भरणा असावा. काउंटरवरच्या माणसाला 'पुरुषोत्ता' वाचून पुढचा म आपोआप ऐकू येतो. यंत्राला तो कानच नाही.

तिकिटाच्या अर्जात चौकोन दोन, नावाचा आणि आडनावाचा. आपल्या आधार कार्डावर बहुधा तीन नावं असतात, स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. आता मधल्या माणसाला बसवायचं कुठे? कोणी वडिलांना आपल्या नावाच्या चौकोनात कोंबतात, कोणी आडनावाच्या, कोणी त्यांना घरीच ठेवून निघतात. एकाच घरातल्या चौघांची तिकिटं चार पद्धतींनी काढलेली असू शकतात आणि चौघंही आपापल्या जागी बरोबर असतात. त्यात राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये ठरवलं, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव लिहायचं. निर्णय चांगलाच आहे, आईचं नाव इतकी वर्षं कागदावर नव्हतं हेच लाजिरवाणं. पण ही मुलं दोन वर्षांची होईपर्यंतच मांडीवर बसून उडू शकतात. त्यानंतर त्यांना स्वतःची जागा आणि स्वतःचं तिकीट घ्यावं लागतं, आणि तिथे चार नावांचं आख्खं कुटुंब २० अक्षरांच्या खोलीत राहायला येतं. चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या डिजियात्रेसारख्या व्यवस्थेत आधारवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळायला हवं अशी अपेक्षा असते. जुळवायचं कसं, हे पालकांनी ठरवायचं. तेही आपलं आपणच.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांची कथा आणखी वेगळी. आधारवर माहेर, पॅनवर सासर, आणि तिकीट नवऱ्याने काढलेलं असल्यामुळे त्यावर नवऱ्याला जे आठवलं ते. बदल कायदेशीर करायचा तर राजपत्रात नाव छापून आणा, मग ते राजपत्र घेऊन दहा दारं हिंडा. तंतोतंतपणाचा आग्रह धरायचा तर जरूर धरावा, पण मग सगळ्यांनाच लावावा. मुंबईचं अधिकृत नाव १९९५ साली बदललं. आज मुंबईहून निघणाऱ्या बॅगेची चिठ्ठी उलटून बघा, त्यावर तीन ठळक अक्षरं असतात: बी, ओ, एम. चेन्नईच्या चिठ्ठीवर अजून मद्रासची अक्षरं आहेत. इतकी वर्षं कागदपत्रं अद्ययावत न करता ही शहरं राजरोस उडताहेत, आणि नव्या सुनेला मात्र दारात अडवून विचारतात, की बाई, तुम्ही नक्की कोण? नवी मुंबईच्या विमानतळाचं तर काय सांगावं. दि. बा. पाटलांचं नाव त्याला द्यावं असा ठराव विधिमंडळाने २०२२ साली केला होता. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं तेव्हा त्या नावावर केंद्राची मोहोर उठायचीच होती. नाव पक्कं नसताना वास्तूचं उद्घाटन होऊ शकतं, हे त्या दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते सिद्ध झालं.

आता कोणी म्हणेल, की हा सुरक्षेचा मामला आहे, विनोद पुरे. कबूल, सुरक्षा ही थट्टेची गोष्ट नव्हे. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं विमान कंदहारला नेलं गेलं, त्यानंतर २००० सालापासून आपल्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान आले. ते आल्यावर लोकांना हायसं वाटलं आणि ते रास्तच होतं. पण सामानाची तपासणी आणि नावाची तपासणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बॅगेतला चाकू क्ष-किरणांत दिसतो, तो जोश्यांचा आहे की जोगळेकरांचा याने चाकूची धार कमी होत नाही. उलट नाव खरं असलं म्हणजे माणूस बरा, हे गृहीतकही चालत नाही. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेत विमानं पळवणारे आपापल्या नावांच्या तिकिटांवर चढले होते. म्हणून झडती हवी, कडक हवी. 'पुरुषोत्ता'चा म शोधण्यात जाणारा वेळ मात्र त्या झडतीत मोडत नाही.

मग नावाचा एवढा ध्यास कशासाठी? ब्रूस श्नायर या अमेरिकी सुरक्षातज्ज्ञांनी याचं उत्तर बऱ्याच वर्षांपूर्वी दिलंय, की ओळखपत्र दाखवण्याच्या सक्तीने विमान कंपन्यांची एक धंद्यातली अडचण आयती सुटली. पूर्वी अमेरिकेत न वापरलेली तिकिटं वर्तमानपत्रात छोट्या जाहिराती देऊन लोक एकमेकांना विकत. ओळखपत्र आलं आणि तो बाजार उठला. तुमचं जाणं रद्द झालं तर तिकीट मेव्हण्याला देता येत नाही, त्याने नवं काढायचं, आणि नव्याची किंमत आज काय असते ते मेव्हण्याला विचारा. याउलट आपली रेल्वे बघा. कन्फर्म तिकीट गाडी सुटायच्या २४ तास आधी अर्ज करून आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको किंवा मुलांच्या नावावर करून घेता येतं. आणि एका ई-तिकिटावर सहा जण असले तर टीसीला त्यांच्यापैकी कोणा एकाचं ओळखपत्र पुरतं. आजोबा आधार कार्ड दाखवतात, बाकीचे पाच जण वरच्या बर्थवरून मान डोलावतात, झालं. विमानात सहा जणांना सहा वेळा सिद्ध व्हावं लागतं, मग ते सगळे एकाच नाकाचे का असेनात.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो जास्त वजनदार आहे. यंत्राने रांग लवकर सरकते, हे खोटं नाही. युरोप-अमेरिकेत विमानतळाच्या इमारतीत बहुधा कोणीही शिरू शकतं. आपल्याकडे दारातच तिकीट आणि ओळखपत्र दाखवावं लागतं, त्यामुळे आपली पहिली रांग रस्त्याला लागून असते. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या टर्मिनलवर जी गर्दी उसळली तिचे फोटो देशभर फिरले होते. त्याच महिन्याच्या १ तारखेला दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसीला डिजियात्रा सुरू झाली, पुढच्या वर्षी पुणे आणि मुंबईलाही आली. चेहरा दाखवा, फाटक उघडतं, पाचएक सेकंदांत माणूस आत. छान आहे. आत गेल्यावर तोच माणूस ट्रेच्या रांगेत उभा राहतो, पट्टा काढतो, लॅपटॉप काढतो, चार्जर काढतो, नाणी काढतो, आणि दारात वाचवलेले सगळे सेकंद तिथे व्याजासकट फेडतो. रांग संपलेली नसते, वातानुकूलित झालेली असते. उन्हाळ्यात हीही कमाई आहे, नाही कसं म्हणू.

पण रांग खरोखर संपवायची तर काय करावं लागतं, याचा दाखला आपल्याच देशात आहे. हातातल्या प्रत्येक पिशवीला पुठ्ठ्याचा एक बिल्ला दोऱ्याने बांधायचा आणि तपासणीनंतर त्यावर शिक्का मारून घ्यायचा, ही प्रथा ज्यांनी अनुभवली त्यांना अजूनही दोरा लटकताना दिसला की पोटात गोळा येतो. शिक्का राहून गेला म्हणून विमानाच्या दारातून लोकांना उलटं पाठवलं जाई. एप्रिल २०१७ पासून मुंबई, दिल्लीसह सात मोठ्या विमानतळांवर ती बंद झाली. तिथे शिक्का मारणारं यंत्र आणलं नाही. शिक्क्याचं अ‍ॅपही काढलं नाही. शिक्का मारायचाच थांबवला. विमानं उडत राहिली. माझ्या मते आपल्या विमानतळांवरची ती सर्वांत मोठी तांत्रिक प्रगती, आणि तिला वीजसुद्धा लागली नाही. एखादी तपासणी वेगाने कशी करावी हे विचारण्याआधी ती करावीच का, हे कोणीतरी विचारलं होतं. पण असल्या प्रश्नाची निविदा निघत नाही, त्यामुळे तो क्वचितच विचारला जातो.

यंत्राची बाजूही मांडली पाहिजे, कारण एका कामात ते माणसाहून सरस आहे, ते म्हणजे चेहरे. फोटो आणि समोरचा अनोळखी चेहरा जुळवण्यात माणूस स्वतःला समजतो तितका हुशार नसतो. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची परीक्षा घेतली, तेव्हा मुरलेले अधिकारी या कामात कॉलेजातल्या पोरांपेक्षा काही सरस ठरले नाहीत. आपला जवान दिवसभरात हजारो चेहरे बघतो, तेही आधार कार्डावरच्या अशा फोटोंशी ताडून, की ज्यांत माणूस नुकताच कोणीतरी दचकवल्यासारखा दिसतो. तिरुपतीहून परतणारं कुटुंब घ्या. जाताना चौघांच्या डोक्यावर केस, येताना चारही डोकी तुळतुळीत. जवान फोटोकडे आणि डोक्याकडे आळीपाळीने बघत राहतो, यंत्राला केसांशी देणंघेणं नसतं, ते डोळे, नाक, हनुवटी मापतं आणि सोडून देतं. तेव्हा चेहरा यंत्राने बघावा, याला माझी बिलकूल हरकत नाही. माझं म्हणणं एवढंच, की चेहरा जुळला असेल तर स्पेलिंगवरून अडवू नये. आणि अडवायचंच असेल, तर निकाल देण्यापुरता एक माणूस खुर्चीसकट तिथे ठेवावा.

चेहऱ्यांच्या साठ्याचं काय, हा प्रश्न उरतो. डिजियात्रा चालवणारी संस्था म्हणजे सरकारी खातं नव्हे, ती ना-नफा कंपनी आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा तिच्यात २६ टक्के वाटा, उरलेला मोठे विमानतळ चालवणाऱ्या पाच कंपन्यांचा. माहिती प्रवाशाच्या मोबाइलमध्येच राहते आणि विमानतळाच्या यंत्रणेतून विमान सुटल्यावर २४ तासांत पुसली जाते, असं ती सांगते. आपण विश्वास ठेवू. हे सगळं ऐच्छिक आहे, असंही सांगितलं जातं. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी ऐच्छिक असते तितपत ते असावं. कोणी जबरदस्ती करत नाही, फक्त न देणाऱ्याची रांग वेगळी असते, लांब असते, आणि तिच्याकडे सगळे बघत असतात. नीट न सांगताच फाटकावर फोटो काढून नोंदणी केल्याच्या तक्रारीही २०२४ च्या सुरुवातीला झाल्या. त्याच वर्षीच्या वसंतात अ‍ॅपच बदललं, जुनं काढून टाका, नवं घ्या, पुन्हा नोंदणी करा, असं सांगण्यात आलं. आपण कोण हे सिद्ध करून देणाऱ्या अ‍ॅपने आधी स्वतःचं नवं ओळखपत्र काढलं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि हे सारं कोसळलं की काय होतं, तेही आपण पाहिलंय. १९ जुलै २०२४ ला एका संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे झाले. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. बॉलपेनाने नाव, बॉलपेनाने विमानाचा क्रमांक, बॉलपेनाने जागा. उशीर झाला, उड्डाणं रद्द झाली, लोक वैतागले, हे सगळं खरं. पण ज्यांच्या हाती तो कागद पडला ते त्या कागदावर विमानात चढले. त्यांच्या नावाला त्या दिवशी २० अक्षरांची मर्यादा नव्हती. अक्षर वाचता आलं नाही तर दारातल्या मुलीने विचारलं असेल, "काका, हे तुमचंच ना?" आणि काकांनी हो म्हटलं असेल. ज्या व्यवस्थेला हाताखालची माणसं आता फाजील वाटतात, तिला त्या दिवशी तीच माणसं आणि तीन रुपयांचं पेन यांनी तारलं. दुसऱ्या दिवसापासून ती माणसं पुन्हा यंत्रांशेजारी उभी राहून हिरवं बटण दाखवायला लागली.

राहता राहिला हिशेब. आपल्याकडच्या काही विमान कंपन्या काउंटरवर येऊन पास मागणाऱ्या प्रवाशाकडून २०० रुपयांपर्यंत घेत असत. जुलै २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने सांगितलं, की हे पैसे भाड्यात बसत नाहीत, घेऊ नका. प्रवाशांना बरं वाटलं, पण त्या नादात एका महत्त्वाच्या गोष्टीकडे दुर्लक्ष झालं. पास छापून देण्याच्या मजुरीचा दर कंपन्यांनी स्वतःच्या हाताने जाहीर केला होता. त्यांनी केलं तर २०० रुपये, मग आपण केलं तरी २०० रुपयेच व्हायला हवेत. चेक-इनचे दोनशे, पट्टी छापून, सोलून, ओवून, चिकटवण्याचे वेगळे, बॅग उचलून पट्ट्यावर ठेवण्याची हमाली वेगळी. ही रक्कम विमान उतरल्यावर २४ तासांत प्रवाशाच्या खात्यात जमा व्हावी. माहिती पुसायला जेवढा वेळ पुरतो, तेवढा पैसे द्यायलाही पुरावा. अट एकच. परतावा नावावर न देता चेहऱ्यावर द्यावा. चेहऱ्यात चूक होत नाही, असं त्यांचंच म्हणणं आहे.